रेघेखाली कुणी लिहू नये

९ सप्टेंबर, सोमवार

आज इंटरनेटवरच्या कट्ट्यावर सूचना लागली. पुढच्या सोमवारपासून आमचा 'आधार' कट्टा आणि तो 'संथ' कट्टा एक होणार. दोन्ही एकाच संस्थेचे. झटका येऊन ज्यांची वाचा गेली किंवा अडखळली, ते स्वतः 'संथ'वर लिहितात; त्यांना सांभाळणारे आम्ही घरचे लोक 'आधार'वर. आजवर एकमेकांकडे डोकावायची सोय नव्हती, कुणाला हौसही नव्हती. दोन्हीकडची राखण करणारा गृहस्थ एकच, 'पहारेकरी' या नावाने वावरतो. त्याने लिहिलंय, "दोन घरं सांभाळताना माझी दमछाक होते. शिवाय दुखणं एकच आहे, तर मधली भिंत कशाला?"

भिंत पडणार म्हटल्यावर आमच्याकडे पळापळ झाली. कारण उघड आहे. इथले जुने धागे आता पेशंटमंडळीही वाचणार. 'गारचहा' म्हणून एक बाई आहे; नवऱ्याला झटका आल्यापासून तिने गरम चहा प्यायलेला नाही, म्हणून हे नाव. ती दिवसभर बसून आपले जुने प्रतिसाद पुसत होती. मला लिहिलं, "नकाशेवाले, तुम्हीही झाडून घ्या. मी आमच्या साहेबांना इथे दगड म्हटलंय, धोंडा म्हटलंय, आणखी काय काय म्हटलंय ते आठवत नाही म्हणून सगळंच पुसतेय."

मी उत्तर दिलं की माझ्याकडे झाडण्यासारखं काही नाही. हिच्याबद्दल मी कधी वावगं लिहिलेलं नाही. उलट लिहिलंय की हिच्या वतीने आता मीच बोलतो आणि आमचं छान चाललंय.

ही आतल्या खोलीत टॅबवर चित्रं जुळवायचा खेळ खेळत होती. उजवा हात अजून कामाचा नाही. डाव्या हाताच्या एका बोटाने खेळते. मी दारातून डोकावलं की टॅब छातीशी धरते. हरत असेल. हरलेलं दाखवायला हिला पूर्वीपासून आवडत नाही.

१६ सप्टेंबर

कट्टे एक झाले. सकाळी उघडून बघतो तो आपल्याच घरात अनोळखी माणसं येऊन बसावीत तसं वाटलं. आणि काय ती लिहिण्याची रीत! एकेक वाक्य म्हणजे विटा उतरवून ठेवल्यासारखं. "आज. बूट. स्वतः." यावर खाली हळूहळू पाच-सहा जणांनी नुसतं "वा" लिहिलेलं.

त्यांचा एक नियम आहे, पहारेकऱ्याने तो वर लावून ठेवलाय. वाक्य मध्येच अडलं तर लिहिणाऱ्याने शेवटी एक आडवी रेघ ओढायची. रेघ दिसली की त्या धाग्यावर दुसऱ्या कुणी काहीही लिहायचं नाही. शब्द सापडला की तो माणूस परत येतो आणि आपलं वाक्य आपण पुरं करतो. कधी तासाभराने, कधी आठवड्याने. तोवर सगळे थांबतात.

मला ते वाचून चौथीचा वर्ग आठवला. गुरुजी अर्धी ओळ म्हणून खडूचा हात वर करायचे, आणि उरलेली ओळ आम्ही सगळे मिळून छपरावर फेकायचो. पावडरीसारखा खडू उन्हाच्या तिरिपेत तरंगत असायचा. कुणी एकटा अडला तर त्याला अडू द्यायचं नाही, ही आमची शान. पुढे नकाशांच्या कचेरीत लागलो तिथेही हेच शिकवलं. रेघ अर्धी टाकून उठायचं नाही. शाई वाळते, आणि जोड दिलेला कायम दिसत राहतो.

इथे अर्ध्या रेघाच रेघा. बघून हात शिवशिवतात.

एक 'डावखुरी' नावाची बाई आहे. तिचं जुनं लिखाण वाचलं. "घरात कवी आहे. मी ओळ सुरू केली. की तो पुरी करतो. माझी नसते ती." खाली 'गोगलगाय' नावाच्या माणसाने लिहिलंय, "कवीला. बाहेर बांधा." मला हसू आलं. आणि त्या बाईची कीवही आली. असतात अशी माणसं. समोरच्याला श्वास म्हणून घेऊ देत नाहीत.

ही जन्माची उजव्या हाताची. गणवेश शिवायची तेव्हा कात्री अशी धरायची की कापड आपणहून फाकायचं.

१९ सप्टेंबर

हिला घेऊन बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे गेलो. दवाखान्याच्या मागच्या अंगाला त्यांची खोली. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर मोठा आरसा. बाईंनी हिला विचारलं, "काकू, सकाळी काय खाल्लंत?"

ही म्हणाली, "स... स..."

मी म्हटलं, "सफरचंद. आणि पाव."

"काकूंना विचारलं मी."

"हो, पण तिला तेच म्हणायचं होतं."

बाईंनी दुसरं विचारलं, घरी दिवसभर काय करता. ही आरशात बघत राहिली. मी सांगितलं की रोज सकाळी मी कविता म्हणतो. बाईच पहिल्या भेटीत म्हणाल्या होत्या की पाठ असलेलं आधी परत येतं. तेव्हापासून एकही सकाळ चुकवलेली नाही. अर्धी ओळ मी म्हणतो, अर्धी हिने म्हणायची. ही नाही म्हणाली तर तीही मीच म्हणतो. म्हणूनही दाखवली:

टेकडीमागे गाव आहे, गावामागे नदी,
नदीपाशी जाऊन ये तू, थकण्याच्या आधी.

बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

खोली लहान आहे, तीन माणसांना कोंदट होते. बाहेर बाकावर बसलो. समोर एक बाई फरशी पुसत होती, ओल्या जागेवरून लोक चालत होते, ती पुन्हा पुसत होती. राग यायला हवा होता की काय, कोण जाणे. आला नाही. झटका हिला आला, पण त्या दिवसापासून माझ्याही आत कुठेतरी बधिर पडलंय. चिमटा काढला तरी उशिरा कळतो.

ही बाहेर आली तेव्हा बाई हसत होत्या. हीसुद्धा. मी विचारलं काय झालं. ही म्हणाली, "नाही." हा शब्द हिला छान येतो.

२२ सप्टेंबर

हिच्या ताईचा फोन. दर रविवारी असतो. ताई एकटीच राहतात, तळमजल्याचं घर, मागे अंगण. आमच्याकडे जिने आहेत आणि लिफ्ट महिन्यातले निम्मे दिवस रुसलेली, म्हणून ही बाहेर पडत नाही.

"भाऊजी, तिला द्या."

"ती बरी आहे ताई. भूक चांगली आहे. झोपही—"

"बरी आहे ते तुम्ही दर रविवारी सांगता. हवामानाच्या बातम्या ऐकाव्यात तसं वाटतं मला. तिला द्या."

फोन हिच्या कानाशी धरला. ही म्हणाली, "ताई... मला..."

बराच वेळ गेला. फोनवर नुसता खर्र आवाज. असल्या शांततेत मला बसवत नाही. मी फोन घेऊन सांगितलं, "दमलीय ती, तिला पडायचंय."

ताईंनी फोन ठेवून दिला. त्यांचा स्वभाव पहिल्यापासूनच तुटक. हिने भिंतीकडे तोंड केलं. मी पांघरूण घातलं.

२५ सप्टेंबर

कट्ट्यावर बरंच पेटलंय.

सुरुवात आमच्या 'जावई'ने केली. तो सासूला सांभाळतो. त्याचा जुना विनोद होता की सासूबाईंची वाचा गेली तेव्हा शेजारी पेढे मागायला आले. पुसायचा राहून गेला. काल त्याखाली एक प्रतिसाद आला: "वाचते. सगळं. सासू." बिचारा दिवसभर गायब होता. आज लिहिलंय की घरात दोघंही एकमेकांकडे बघून हसत सुटली.

पण सगळं असं हसण्यावारी गेलं नाही. आमच्या माणसांना थांबायची सवय नाही. दिवसाचं एकेक मिनिट ओढून काढणारी माणसं ती. रेघ दिसली की कुणीतरी मदत म्हणून वाक्य पुरं करतंच. "मला पाणी —" खाली लगेच "हवं आहे!" आणि एक हसरा चेहरा. 'गोगलगाय' चिडला. तो पूर्वी बस चालवायचा. त्याने लिहिलं, "घंटी वाजल्याशिवाय. बस हलवली नाही. कधी. तुम्ही लोक. माझ्या बसमध्ये. मलाच ढकलता."

गारचहा म्हणाली, मदत केली तर एवढं काय. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी तिला +१ दिलं. मीही दिलं.

खरं तर सगळ्यात जास्त ओळी मीच पुऱ्या केल्यात. मला ते जमतं. एकाने लिहिलं होतं, "सकाळी उजेड —" मी पुढे लिहिलं, "येतो खिडकीशी, जुन्या मित्रासारखा." आमच्याकडच्यांना फार आवडलं. बऱ्याच दिवसांनी कुणी मला वा म्हणालं. मूळ लिहिणारा दोन दिवसांनी आला आणि म्हणाला, "उजेड. डोळ्यांना. खुपतो. असं होतं." मी लिहिलं, हरकत नाही, दोन्ही अर्थ सुंदर आहेत.

२७ सप्टेंबर

डावखुरीने आज नवा धागा काढला. नुसतं एवढंच.

"मला जायचं आहे —"

मी वाचलं आणि मनात काहीतरी लकाकलं. पहिल्यांदाच काहीतरी हललं असं म्हणायला हरकत नाही. खोलीत कोंडलेली कुणी एक बाई, डाव्या हाताने एवढे तीन शब्द लिहून दमली असेल. त्या कवीने तिला कधी विचारलंही नसेल कुठे जायचंय म्हणून. म्हटलं, आपण तिला वाट देऊ. खाली लिहिलं:

"नदीपाशी, थकण्याच्या आधी."

सुरेख बसलं. जणू त्या ओळीसाठीच तिने जागा ठेवली होती. गारचहाने हात जोडलेली खूण टाकली. संध्याकाळपर्यंत बरीच वाहवा झाली.

ही आज जेवली नाही. टॅब पालथा घालून पडून आहे. खेळाचाही कंटाळा येत असेल. गंमत म्हणून मी उशाशी बसून म्हटलं, आज कट्ट्यावर आपली नदीची ओळ किती गाजली माहितीये? हिने माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. हिचे डोळे अजूनही तरुणपणीचेच आहेत.

२८ सप्टेंबर

आनंदाची बातमी.

सकाळी नेहमीप्रमाणे खुर्ची ओढून कविता सुरू केली. "टेकडीमागे गाव आहे" म्हणून थांबलो. ही पलंगावरून उठली. स्वतः! काठी घेतली, पाय ओढत, भिंतीला धरत दारापर्यंत गेली. मला हाताने खूण केली, म्हणून मी बाहेर आलो. आणि हिने दार आतून लावून घेतलं. कडीसुद्धा डाव्या हाताने घातली.

एवढं अंतर झटक्यानंतर पहिल्यांदाच चालली. बाईंना सांगायला हवं. कवितेचा गुण येतो म्हणतात तो असा.

दुपारपर्यंत दार बंद होतं. मी बाहेरच्या खोलीत बसून होतो.

१ ऑक्टोबर

डावखुरी परत आलीच नाही. धाग्यावर तिची रेघ आणि खाली माझी ओळ, तसंच पडून आहे.

गोगलगायीने मला उद्देशून लिहिलंय. त्याला हे सगळं लिहायला किती वेळ लागला असेल, याचा विचार करून मी वाचलं. "नकाशेवाले. ती रोज येत होती. तिला इथे. बोलता येत होतं. घरात नाही. तुम्ही. तिची शेवटची खोली. पण घेतली."

मी उत्तर लिहायला घेतलं. पुसलं. पुन्हा लिहिलं की हेतू वाईट नव्हता. तेही पुसलं.

पहारेकऱ्याने जाहीर केलंय की भांडण असंच चाललं तर मत घेऊ. भिंत परत हवी की नको, ते ज्याने त्याने पुढच्या आठवड्यात सांगायचं. वेगळे झालो तर एकाला दुसऱ्याचं काहीच दिसणार नाही, जुनंही नाही.

ही पेजेसारखं पातळ काहीतरी खाते आणि मागे टेकते. टॅबला हात लावत नाही. चार्जिंग संपून तो काळा झालाय. मी लावून ठेवला. हिने काढून ठेवला.

४ ऑक्टोबर

गारचहाचा फोन आला. कट्ट्यावरच्या माणसाशी आवाजाने बोलायची ही पहिलीच वेळ. आवाज मला वाटला होता त्यापेक्षा तरुण, मागे कुकरसारखं काहीतरी धुसफुसत होतं. म्हणाली की मत काहीही पडो, आपण काही जण वेगळं घर थाटतोय. फक्त सांभाळणाऱ्यांचं. वाट्टेल ते बोलायचं, कुणाला रेघ नाही की नियम नाही. "तुम्ही हवेतच नकाशेवाले, तुमच्याशिवाय आमच्यात शब्दांचं माणूस कोण आहे?"

मी म्हटलं, बघतो.

मग ती जरा घुटमळली. "एक विचारू? राग मानू नका. ती डावखुरी. काल मी तिचे जुने धागे वाचत बसले होते. तिच्या घरातला तो कवी आहे ना, तो रोज सकाळी कुठल्याशा टेकडीची आणि नदीची कविता म्हणतो म्हणे. तुम्हीही तीच टाकली होतीत ना मागे आमच्यासाठी? आणि परवा तिच्या धाग्यावर?"

"शाळेच्या पुस्तकातली आहे ती," मी म्हटलं. "आमच्या पिढीत सगळ्यांना येते."

"मला नाही येत. आमच्या साहेबांनाही विचारलं. त्यांनी मान हलवली."

"पुस्तकं बदलली नंतर."

"हं." मग म्हणाली, "तुमच्या मिसेस दिवसभर काय करतात हो?"

"चित्रं जुळवतात. टॅबवर."

"बघितलंत कधी?"

पलीकडून तिच्या नवऱ्याने काहीतरी पाडल्याचा आवाज आला आणि ती "आले, आले" करत गेली. फोन सुरूच राहिला. मी बराच वेळ तिच्या घरातले आवाज ऐकत बसलो. मग ठेवला.

शाळेच्या पुस्तकातली कविता. कुणालाही येत असेल.

५ ऑक्टोबर

आज कविता म्हटली नाही. घसा बसलाय.

६ ऑक्टोबर

घसा तसाच. ताईंचा फोन आला. हिच्या कानाला लावून दिला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खाली एक माणूस सायकलची साखळी बसवत होता. बसली, निसटली, बसली. आत येऊन बघतो तर फोन टेबलावर ठेवलेला आणि ही खिडकीकडे तोंड करून बसलेली. गालावर ओलं होतं. विचारावं की नाही ते कळेना. पेला विसळून ठेवला.

८ ऑक्टोबर

पहारेकऱ्याला खाजगीत लिहिलं. डावखुरीच्या रेघेखालची माझी ओळ काढून टाका.

त्याने विचारलं, "का? तुमच्याकडच्यांना तर आवडली होती."

"चूक आहे."

"कवितेत चूक आहे?"

"नाही. कविता बरोबर आहे."

त्याने काढली. तिथे आता फक्त तिचे तीन शब्द आणि रेघ. त्यांच्याकडे बघून पूर्वीसारखे हात शिवशिवले नाहीत. हात कुठे आहेत तेच जाणवलं नाही.

मत दिलं. भिंत हवी.

दुपारी स्वयंपाकघरातून येताना हिच्या खोलीच्या दाराशी थांबलो. दार उघडं होतं. टॅब मांडीवर होता, उजळलेला. ही एका बोटाने काहीतरी शोधत होती. चित्रं नव्हती. मी आवाज न करता मागे फिरलो. मागे फिरताना माणसाचे गुडघे केवढ्याने वाजतात.

१० ऑक्टोबर

भिंत परत उभी राहिली. भिंत हवी म्हणणारे थोडे जास्त निघाले. संध्याकाळी पाच वाजता पहारेकऱ्याने कुलूप लावायचं ठरवलं होतं. त्याच्या आधी लोक एकमेकांचा निरोप घेत होते. जावयाची सासू आणि जावई एकाच धाग्यावर एकमेकांना टोमणे मारत होते, शेवटी सासूने लिहिलं, "घरी. भेटू." गोगलगायीने कुणाला काही लिहिलं नाही.

मी डावखुरीचा धागा उघडून ठेवला होता. पाच वाजेपर्यंत त्याखाली काही आलं नव्हतं. मग तो दिसायचा बंद झाला. आता तिने वाक्य पुरं केलं तरी मला कळायचा मार्ग नाही.

गारचहाने नव्या घराची किल्ली पाठवली आहे. अजून उघडून बघितलेली नाही. आत गेलो तर काय बोलणार? हिच्या वतीने बोलायचो. माझं वेगळं असं काही तिथे कधी लिहिलंच नव्हतं.

आतून टॅबवर बोट आपटल्याचा बारीक आवाज येत होता. टक. मग काही नाही. मग टक.

१३ ऑक्टोबर

लिहून ठेवतो, जसं झालं तसं.

दुपारी चहा घेत होतो. ही आता टेबलाशी येऊन बसते. मधूनच कप खाली ठेवला आणि म्हणाली, "अहो."

मी वर पाहिलं.

"मला..."

माझ्या तोंडात शब्द येऊन उभे राहिले. पाणी, औषध, शाल, पडायचंय. एकेक गिळला. हिचे ओठ हलत होते, हनुवटी थरथरत होती, डाव्या हाताने टेबलाची कड घट्ट धरली होती. लिफ्ट आली, कुणीतरी उतरलं, दारं मिटली. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली. माझ्या चहावर साय धरली. किती वेळ गेला ते मी घड्याळात बघितलं नाही. त्या शांततेला पूर्वी कधी मी इतकं आतपर्यंत येऊ दिलं नव्हतं. आत आल्यावर ती काही करत नाही. नुसती बसते.

"जायचं..."

मी थांबलो. मी जिभेवर दात ठेवले होते, ते नंतर खारट लागलं तेव्हा कळलं.

"ताईकडे."

मी म्हटलं, "बरं."

पुढे बोलणार होतो की मी सोडायला येतो, दोघंही जाऊ, चार दिवस हवापालट होईल. पण हिने हात वर केला. अजून संपलं नव्हतं. पुन्हा तेवढाच वेळ. या वेळी शब्द चिवट होता. एकदा अर्धा येऊन आत गेला. हिच्या कपाळावर घाम होता, आणि मी पदराने, रुमालाने, कशानेच तो पुसला नाही.

"एक... टी."

मग मागे टेकली आणि डोळे मिटून हसली. शिवणाचं अवघड काम संपवून मशीनवरून उठायची तेव्हा अशी हसायची.

मी गार चहा पिऊन टाकला.

१७ ऑक्टोबर

ताई टॅक्सी घेऊन आल्या. लिफ्ट बंद होती. ही जिना बसत-उठत उतरली, ताई पुढे, मी बॅग घेऊन मागे. एका वळणावर ही दम खायला थांबली आणि टॅक्सीवाला खालून ओरडला, "या की लवकर!" ताईंनी वरून जे काही सुनावलं त्याने सगळ्या मजल्यांची दारं किलकिली झाली. ही मोठ्यांदा हसली. इतका मोठा आवाज अजून हिच्यात आहे हे मला ठाऊक नव्हतं.

बॅगेत काय भरायचं ते हिनेच भरलं होतं. टॅब सगळ्यात वर.

दार लावता लावता ताई म्हणाल्या, "भाऊजी, परत कधी ते मला विचारू नका. तिला विचारा."

मी विचारलं नाही. हिने काचेतून डावा हात हलवला. मीही हलवला, कुठला ते लक्षात नाही.

वर आलो. दोन खोल्यांतले दिवे लावले. हिच्या पलंगावरचं पांघरूण तसंच गोळा होऊन पडलं होतं, त्याला हात लावला नाही. काही वाटलं का? नीट सांगता येत नाही. पायाला मुंग्या येऊन गेल्यावर थोड्या वेळाने जसं टोचायला लागतं, तसं कुठेतरी व्हायला लागलं होतं.

२० ऑक्टोबर

रविवार. संध्याकाळी फोन वाजला. ताईंचा नंबर. उचलून "बोला ताई" म्हणणार होतो, पण पलीकडचा श्वास ऐकला आणि म्हटलं नाही.

मी उभाच होतो. श्वास येत होता, जात होता. मागे अंगणात कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला.

"अंगणात," ही म्हणाली. "चालले."

मी थांबलो. आणखी काही असेल म्हणून.

"रोज... चालते." आणि मग पुन्हा शोधाशोध. मला आता हिची शोधाशोध नुसत्या श्वासावरून ओळखता येते. मिळत आलेला शब्द वेगळा, हुकलेला वेगळा. शेवटी मिळाला. "तुम्ही... बोला."

मी तोंड उघडलं. जन्मभर माझ्यापाशी कधी शब्दांचा तुटवडा पडला नव्हता. टेकडी आली, नदी आली, वर्गातला खडू आला. त्यातलं माझं एकही नव्हतं. म्हटलं हिला सांगावं की दिवे दोन्ही खोल्यांत लावतो. पेला एकच विसळतो. कट्ट्यावर जात नाही. हे सगळं सांगण्याजोगं आहे का, याचा विचार करत राहिलो, आणि पलीकडे शांतता वाढत गेली, आणि मला दरदरून घाम फुटला. इतक्या वेळात मी कुणाचीही तीन वाक्यं पुरी करून दिली असती.

"घर..." मी म्हटलं.

पुढे काही येईना.

ही बरे आहात ना म्हणाली नाही, ताईला देऊ का म्हणाली नाही. फोन ठेवला नाही. मी भिंतीला टेकून खाली जमिनीवर बसलो, फोन कानाशी घट्ट धरून, आणि तो शब्द शोधू लागलो. ही पलीकडे थांबून होती.